मानतो म्हणजे नेमकं काय करतो?

तळोद्याहून धडगावकडे निघालेली एसटी चांदसैली घाटाला लागली की गाडीतल्या गप्पा हळूहळू बसतात. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. पावसाळ्यात इथे दरड कोसळते आणि रस्ता बंद पडतो, हे गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही दोनतीन वळणं झाली की निम्मी गाडी पेंगायला लागते. ड्रायव्हरचं नाव कुणी विचारलेलं नसतं. ब्रेक कुणी तपासलेले नसतात. समोरच्या काचेला झेंडूची माळ असते. समजा, मागच्या बाकावर ‘मी देवबिव काही मानत नाही’ असं सांगणारा कॉलेजातला मुलगा आहे आणि त्याच्या शेजारी दरवर्षी दिवाळीत अस्तंभ्याचा डोंगर चढून अश्वत्थाम्याचं दर्शन घेणारा त्याचा काका आहे. दोघांच्याही माना सारख्याच डुलत असतात.

आता सांगा, या गाडीत कोण काय मानतं आहे? काका अश्वत्थामा मानतो, ड्रायव्हर माळेला मानतो, पुतण्या काहीच मानत नाही, असं म्हणून मोकळं होता येईल. पण काहीच न मानणारा माणूस दरीच्या काठावर झोपेल कसा? आणि काकाला विचारलं, ‘अश्वत्थामा खरोखर त्या डोंगरावर हिंडतो का हो?’ तर तो बहुधा हो-नाही असं उत्तर देणारच नाही. ‘आम्ही जातो,’ एवढंच म्हणेल. विचारणाऱ्याला वाटेल, यानं प्रश्न टाळला. मला वाटतं, त्यानं टाळला नाही. त्याला जे विचारलं ते तो करतच नव्हता.

एका शब्दात तीन कामं

आपल्या भाषेत ‘मानणे’ हे क्रियापद फार राबतं. ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मी मानतो’ या वाक्यात ते एक काम करतं. जगाबद्दल एक विधान आहे आणि ते मला खरं वाटतं. याला आपण ‘दावा’ म्हणू. दावा खरा असतो किंवा खोटा असतो, मला काहीही वाटो.

‘या डॉक्टरांना आपण मानतो’ या वाक्यात काम बदललं. डॉक्टर अस्तित्वात आहेत असं काही मला सांगायचं नाही, ते तर आहेतच. त्यांच्या हातात मी माझा जीव देतो, एवढं मी सांगतो आहे. हा ‘भरवसा’. भरवशाची परीक्षा बोलण्यात होत नाही. आपण काय पणाला लावतो त्यावरून तो कळतो. घाटात झोपणं हा भरवसा आहे.

तिसरं काम सगळ्यात मजेचं आहे. ‘ती माझी मानलेली बहीण आहे’ असं आपण म्हणतो. दोघांचे आईबाप वेगळे, गावं वेगळी, जातीही कदाचित वेगळ्या. रक्ताची चाचणी केली तर काही निघणार नाही आणि तशी चाचणी कुणी सुचवली तर ती मूर्खपणाची ठरेल. कारण इथे दावा नाहीच. ‘मानलेली’ म्हणजे मी तिच्याशी भावासारखा वागणार, राखीला जाणार, तिच्या घरी लग्न निघालं की उभा राहणार. या मानण्याला ‘पाळणं’ म्हणू. मान, मानकरी, मानपान, ‘मानता’ म्हणजे नवस, हे सगळे शब्द याच घरातले. त्यात खरंखोटं ठरवण्यापेक्षा कुणाला काय द्यायचं आणि स्वतःवर कुठलं बंधन घ्यायचं याचीच बात जास्त आहे.

देवाच्या बाबतीत ही तीनही कामं एकमेकांत मिसळतात. म्हणून आस्तिक-नास्तिकांची भांडणं पुष्कळदा एकमेकांना न लागता बाजूनं निघून जातात. एक जण दाव्याबद्दल विचारतो, दुसरा पाळण्याबद्दल उत्तर देतो.

काठीच्या होळीत अंगावर घेतलेलं मानणं

पाळणं म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहायचं तर अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावाची होळी पाहावी. काठी हे जुनं संस्थान, तिथल्या राजवाडी होळीला सातपुड्यातून आणि पलीकडच्या गुजरातेतून लोक येतात. उंच, सरळ बांबू आणून तो उभा करायचा, त्यासाठीचा खड्डा हातांनी उकरायचा, रात्रभर ढोल आणि नाच, आणि पहाटेच्या सुमाराला होळी पेटवायची.

नवस असलेले पुरुष होळीच्या आधीपासून पाळणी धरतात. खाटेवर झोपायचं नाही, पायात काही घालायचं नाही, ब्रह्मचर्य पाळायचं. होळीच्या रात्री हेच लोक अंगभर ठिपके काढून, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे बांधून नाचतात. भोपळ्यांचा तो खुळखुळाट एकदा ऐकला की विसरत नाही. शेकडो कमरा एकाच ठेक्यावर हलतात आणि ढोलाच्या खाली तो कोरडा आवाज सतत चालू राहतो.

त्यातल्या एखाद्याला धर्माची व्याख्या विचारली तर ती मिळणार नाही. कुठल्या ग्रंथावर विश्वास आहे, हा प्रश्न तर इथे लागूच होत नाही. देवमोगऱ्याची याहामोगी ही इथली मोठी देवी. ‘याहा’ म्हणजे आई. तिचं ठाणं आज गुजरातच्या सागबारा तालुक्यात आहे आणि महाशिवरात्रीच्या सुमाराला तिथे जत्रा भरते. दुष्काळात तिनं माणसं जगवली, ही तिची आठवण. भाविक बांबूच्या नव्या टोपलीत धान्य घेऊन जातात. वाघदेव आहे, गावदेव आहेत, डोंगर आहेत. ‘मी अमुक अमुक गोष्टी सत्य मानतो’ अशी प्रतिज्ञा कुणी कुणाकडून घेत नाही. होळीच्या आधी तू जमिनीवर झोपलास का, एवढं गाव पाहतं.

जगातले सगळे धर्म असे नाहीत. ख्रिस्ती परंपरेत श्रद्धेचं कलमवार निवेदन असतं, इ. स. ३२५ मध्ये निकाया इथे भरलेल्या धर्मपरिषदेत त्याचा मसुदा ठरला. इस्लाममध्ये शहादा, म्हणजे साक्षीचं वाक्य, हा धर्माचा पहिला खांब आहे. तिथे दावा दाराशीच उभा आहे. जनगणनेच्या किंवा शाळेच्या फॉर्मवर ‘धर्म’ हा रकाना येतो तेव्हा तो याच साच्यातून आलेला असतो. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ७९ लाख लोकांची नोंद ‘इतर धर्म’ या सदरात झाली, त्यात मोठा भाग आदिवासी धर्मांचा होता. नंदुरबार जिल्ह्यात दर दहा माणसांत जवळजवळ सात अनुसूचित जमातींतली आहेत. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची, तडवी, गावित. त्यांच्यातल्या पुष्कळांसाठी तो रकाना म्हणजे मापाशिवाय शिवलेला सदरा आहे.

श्रद्धा आणि पतसंस्था

भरवशाबद्दल एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. संस्कृतातला ‘श्रद्धा’ हा शब्द आणि लॅटिनमधला ‘क्रेडो’ हा शब्द एकाच मुळातून आले आहेत. त्या मुळाचा अर्थ बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ‘हृदय ठेवणे’ असा लावतात. क्रेडोपासून पुढे ‘क्रेडिट’ आला. म्हणजे शहादा गावच्या बाजारात एखाद्या दारावर ‘क्रेडिट सोसायटी’ अशी पाटी असते ती श्रद्धेचीच चुलत बहीण. आणि मराठीनं तिला नाव दिलं ते ‘पतसंस्था’. पत म्हणजे लोकांनी आपल्यावर ठेवलेला भरवसा.

पत हा हिशेब आपल्याला समजतो, म्हणून श्रद्धेचाही समजायला हरकत नाही. ज्याची पत आहे त्यानं ती आधी कमावलेली असते. आईनं दिलेला घास लहान मूल तपासत नाही. आई म्हणते हे कडू आहे, टाक, तर ते टाकतं. या भरवशावरच माणसाचं पोर जगतं. जंगलातला कुठला कंद खायचा, कुठला पाला विषारी, कुठल्या डोहात उतरायचं नाही, हे सगळं स्वतः करून पाहायचं ठरवलं असतं तर सातपुड्यात एकही पिढी वाढली नसती. पण याच वाटेनं, त्याच आईच्या तोंडून, देवाच्या गोष्टी आणि भुताच्या गोष्टीही येतात. मुलाला त्यात वेगवेगळे कप्पे दिसत नाहीत. कडू कंद आणि डोहातली आसरा दोन्ही एकाच भरवशावर आत जातात.

मग मूल मोठं होताना त्यातलं काय टिकतं आणि काय गळतं? मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक यांनी २००९ मध्ये याचं एक उत्तर मांडलं. मुलं मोठ्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांनी सोसलेली किंमत पाहतात. वडील फक्त ‘होळीमाता आहे’ म्हणाले तर पोराला ते एका कानानं ऐकता येतं. पण तेच वडील दिवसेंदिवस खाट सोडून जमिनीवर झोपले, अनवाणी डोंगर चालून काठीला गेले, तर पोराच्या मनात ती गोष्ट घट्ट बसते. बोलणं फुकट असतं, सोसणं फुकट नसतं. म्हणून धर्म जिथे माणसाकडून काही मागत नाही तिथे तो पुढच्या पिढ्यांत पातळ होतो, हे हेन्रिक यांच्या मांडणीतून निघतं. मला ते पटतं.

गवतातली सळसळ

पण मुळात डोंगरात कुणीतरी आहे, वाऱ्यात कुणीतरी आहे, हे वाटतं कशामुळे?

संध्याकाळी उंच गवतातून घरी येणाऱ्या माणसाचा विचार करा. गवत सळसळलं. वारा असेल किंवा वाघ असेल. वारा असताना वाघ समजून पळाला तर थोडी दमछाक होईल, पोरं हसतील. वाघ असताना वारा समजून उभा राहिला तर हसायला कुणी उरणार नाही. दोन चुकांची किंमत सारखी नाही. हजारो पिढ्या अशाच गेल्यावर जो मेंदू शिल्लक राहतो, तो शंका आली की आधी ‘कुणीतरी आहे’ असं म्हणणारा असतो. घरात रात्री भांडं पडलं की आपणही आधी ‘कोण आहे?’ असंच विचारतो, ‘काय पडलं?’ नंतर येतं. यावरून वाघदेवाची पूजा खुळी ठरत नाही. वाघ खरा होता, त्याची भीती खरी होती आणि त्या भीतीशी वर्षातून एक दिवस नीट बोलणं ही गावाची गरज होती. मेंदूला कर्ता शोधायची खोड आहे, एवढंच यातून कळतं.

दुसरी गोष्ट जोखमीची. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हा अभ्यासक पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रशांत महासागरातल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. तिथले लोक किनाऱ्यालगतच्या शांत खाजणात मासे मारताना काहीच मंत्रतंत्र करत नसत, नुसतं कौशल्य पुरे असायचं. खुल्या समुद्रात निघायचं असलं की मात्र विधी, मंत्र, पथ्यं. माणसं तीच, अक्कल तीच. फरक एवढाच की दुसऱ्या ठिकाणी जीव आपल्या हातात नव्हता. सातपुड्याच्या उतारावर पावसाच्या पाण्यावर मका आणि ज्वारी घेणाऱ्याचं शेत हा खुला समुद्र आहे. तापीकाठच्या विहिरीच्या पाण्यावर पीक घेणाऱ्याला तितके नवस लागत नसतील, तर तो जास्त बुद्धिमान आहे असं समजायचं कारण नाही. त्याच्याकडे पंप आहे.

दारूचं मडकं: पाळणं एक, मानणं तीन

आता या जिल्ह्याच्या इतिहासातली गोष्ट सांगतो. दावा आणि पाळणं वेगळे कसे असतात हे मला तिच्याइतकं कुठल्याच पुस्तकातून कळलं नाही.

मोहाची दारू आदिवासींच्या देवाधर्मात पूर्वीपासून आहे. जन्माला, लग्नाला, मरणाला, देवीला, जमिनीवर आधी चार थेंब आणि मग आपण. इंग्रजांनी १८७८ चा अबकारी कायदा आणला आणि घरी दारू गाळणं गुन्हा झाला. जी वस्तू झाडाखालून गोळा होत होती ती ठेक्यावरून विकत घ्यायची वेळ आली. दारूपायी उधारी, उधारीपायी जमीन गहाण, जमीन गेली की दुसऱ्याच्या शेतात सालदार. हे चक्र सगळ्यांना दिसत होतं. पण एकट्यानं दारू सोडणं म्हणजे एकट्यानं देव आणि भाऊबंद सोडणं.

१९२२ च्या अखेरीला शेजारच्या दक्षिण गुजरातेत एक लाट आली. सलाबाई नावाची देवी लोकांच्या अंगात येऊन सांगू लागली की दारू सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा. गावंच्या गावं एकत्र बसली आणि दारू सोडली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं या देवीवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. किनाऱ्याकडच्या कोळ्यांमध्ये साथीच्या रोगाची देवी म्हणून निघालेली ही लाट डोंगरात शिरताना बदलत बदलत दारूबंदीची चळवळ कशी झाली, ते त्यात आहे.

पुढे १९३० च्या दशकात आपल्या तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराज उभे राहिले. स्वतः आदिवासी. दर सोमवारी आरती, आंघोळ करून यायचं, दारू नाही, मांस नाही, आणि एकमेकांना ‘आप’ म्हणायचं. ज्यांना आयुष्यभर ‘ए’ आणि ‘अरे’ ऐकावं लागलं त्यांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायचं, यात काय दडलेलं आहे ते ज्यानं ‘अरे’ ऐकलं आहे त्यालाच कळेल. आरतीला लोटणारी गर्दी पाहून इंग्रज अधिकारी अस्वस्थ झाले. १९३८ मध्ये गुलाम महाराज वारले, त्यांच्यानंतर त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी पंथ चालवला. आप पंथाची माणसं आजही आहेत.

मग आलं १९७० चं दशक. शहादा तालुक्यात अंबरसिंग सुरतवंती यांनी आदिवासींना संघटित करायला सुरुवात केली होती. ते भजनाच्या वाटेनं लोकांपर्यंत पोचले होते, लोक त्यांना महाराज म्हणत. २ मे १९७१ ला पाटीलवाडीत आदिवासींवर गोळीबार झाला. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला. त्यांच्यासोबत सर्वोदयाचे कार्यकर्ते होते, आणि पुण्यामुंबईकडून आलेले शिकलेले तरुण होते. त्यांच्यातले कुमार शिराळकर आयआयटीत शिकलेले, पुढे जन्मभर कम्युनिस्ट चळवळीत राहिले. दीनानाथ मनोहर पुढे कादंबरीकार म्हणून नावाजले. इथलेच वाहरू सोनवणे कवी झाले. श्रमिक संघटना उभी राहिली. सालदारांची मजुरी, हातातून गेलेल्या जमिनी, आणि थोड्याच काळात बायकांचा दारूविरुद्धचा लढा. बाया मिळून गुत्त्यांवर गेल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली.

या गोष्टीत दारूचं मडकं तेच आहे. ते एकदा देवीच्या आज्ञेनं फुटलं, एकदा आरतीच्या शपथेनं, आणि एकदा संघटनेच्या ठरावानं, ज्यात देवाचं नाव घ्यायची गरजच पडली नाही. दावे तीन तऱ्हेचे, पाळणं एकच. आणि तिन्ही वेळा खालची यंत्रणा सारखी होती. सगळ्यांनी एकाच वेळी सोडायचं, सगळ्यांसमोर सोडायचं आणि मोडणाऱ्याला गावानं विचारायचं. एकट्याला जे झेपत नाही ते असं झेपतं.

देव मध्ये असला तर हे जास्त टिकतं का? रिचर्ड सोसिस आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या एकोणिसाव्या शतकातल्या ८३ सामूहिक वसाहती तपासल्या. धार्मिक वसाहतींत पथ्यं जितकी कडक तितकी वसाहत जास्त वर्षं टिकली. निधर्मी वसाहतींत कडक पथ्यांचा तसा उपयोग दिसला नाही. सोसिस यांचं म्हणणं असं की ‘समितीनं ठरवलं म्हणून’ या नियमावर रोज वाद घालता येतो. पवित्र गोष्टीच्या नावानं ठरलेल्या नियमावर कुणी हिशेब मांडत बसत नाही. धर्माची ताकद इथे आहे आणि धोकाही इथेच आहे, त्याकडे पुढे येतोच.

भजनवाले अंबरसिंग आणि मार्क्स वाचणारे तरुण एकाच बैलगाडीनं हिंडले, एकाच ताटात जेवले असतील. देव आहे की नाही यावर त्यांचं एकमत असण्याचं कारण नव्हतं. दोघांमध्ये भरवसा होता आणि पाळायची गोष्ट एक होती. दाव्यावाचून त्यांचं अडलं नाही.

> चौकट: बोलताना गोंधळ होऊ नये म्हणून
>
> दावा — ‘असं आहे’ असं म्हणणं. खरा किंवा खोटा ठरू शकतो. पुरावा मागता येतो.
>
> भरवसा — कुणाच्या तरी हाती स्वतःला सोपवणं. कमावता येतो, गमावता येतो.
>
> पाळणं — स्वतःवर बंधन घेणं. मानलेली बहीण, होळीची पाळणी, संघटनेची शपथ.
>
> नास्तिक — देवाबद्दलचा दावा न स्वीकारणारा. भरवसा आणि पाळणं त्याच्याकडेही असतंच.

नास्तिक माणसाकडे काय नसतं?

‘देव नाही हे मानणं ही सुद्धा श्रद्धाच,’ असं वाक्य वादात हमखास येतं. ते अर्धं बरोबर आहे.

चैत्रातल्या पहाटे मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असतो. कुणी म्हणालं, ‘खाली पडलेल्या फुलांची संख्या सम आहे.’ मी म्हणालो, ‘मी हे मानत नाही.’ याचा अर्थ संख्या विषम आहे असं मी म्हटलं का? नाही. तू मोजलेली नाहीस, म्हणून मी तुझं म्हणणं स्वीकारलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळ नास्तिक या जातीचे असतात. त्यांच्याकडे दावा नाही, दावा स्वीकारायला नकार आहे. दुसरा नास्तिक पुढे जाऊन म्हणतो, ‘देव नाहीच.’ हा दावा झाला आणि त्याच्याकडे कारणं मागायचा तुम्हाला पुरा हक्क आहे. वाक्याचा दुसरा अर्धा भाग असा की या दोघांनाही घाटातल्या ड्रायव्हरवर भरवसा ठेवावाच लागतो. भरवसा टाळून जगता येत नाही.

आपल्याकडे तर ‘नास्तिक’ या शब्दाचा देवाशी संबंध मागाहून आला. पाणिनीच्या व्याकरणात आस्तिक आणि नास्तिक हे शब्द ‘आहे’ आणि ‘नाही’ असं मत असणाऱ्यांसाठी आहेत, आणि टीकाकार त्याचा संबंध परलोकाशी जोडतात. पुढे वेदांचं प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक, अशी वाटणी रुळली. त्या मापानं बौद्ध आणि जैन नास्तिक ठरले. उलट मीमांसक वेदांना सर्वोच्च मानत, म्हणून ते आस्तिक, पण जग निर्माण करणारा ईश्वर त्यांच्या विचाराला लागतच नव्हता. देव नसलेला आस्तिक आणि देवळं असलेला नास्तिक, दोन्ही आपल्या घरातले. आणि या वाटणीत याहामोगीच्या लेकरांना कुठे बसवणार? त्यांच्याकडे वेदही नाहीत आणि वेदांना नकारही नाही.

२०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक लिहिणारे देशभरात जेमतेम ३३ हजारांच्या आसपास निघाले. म्हणून देव न मानणारे तेवढेच आहेत असं मी समजत नाही. फॉर्मवर बहुतेक जण घराण्याचा धर्म लिहितात, कारण तो रकाना भरताना ते पाळण्याचं उत्तर देतात, दाव्याचं नाही.

दावा दुसऱ्याच्या दारात जातो तेव्हा

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग ज्याला जे मानायचं ते मानू द्या. होळीच्या पाळणीबद्दल मी तेच म्हणेन. ज्याचा नवस आहे तो स्वतः जमिनीवर झोपतो. पण सातपुड्यात मानण्याचं दुसरंही एक रूप आहे आणि त्याबद्दल गप्प राहणं मला पाप वाटतं.

एका घरात दोन पोरं लागोपाठ जातात. अंग दुखतं, हातपाय सुजतात, डोळे पिवळे पडतात. शेजारच्या घरातली पोरं मात्र ठणठणीत. रोग असता तर सगळ्यांना झाला असता, याच घरावर कुणाची नजर आहे? बडव्याकडे, म्हणजे गावच्या भगताकडे जातात. तो दाणे टाकतो आणि कुणाचं तरी नाव निघतं. बहुधा विधवा, बहुधा एकटी, कधी तिच्या नावावर चार गुंठे असतात. त्या दिवसापासून ती डाकण, म्हणजे चेटकीण. मारहाण, गावातून हाकलणं, आणि खूनही झाले आहेत.

या दाव्याची रचना नीट पाहा. उपायानंतर पोर बरं झालं तर बडवा खरा. पोर गेलं तर डाकण फार ताकदीची. त्या बाईनं नाकारलं तर लबाड, मारानं कबूल केलं तर सिद्ध. निकाल काहीही आला तरी दावा जिंकतो. जो दावा हरूच शकत नाही त्यानं जगाबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. आणि इथे पाळण्याचं ओझं मानणाऱ्याच्या अंगावर नाही, दुसऱ्याच्या अंगावर पडलेलं आहे.

म्हणून २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मला महत्त्वाचा वाटतो. १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, चार दिवसांत सरकारनं वटहुकूम काढला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. पूजा, वारी, प्रदक्षिणा, भजन याला तो हात लावत नाही, तसं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. एखाद्या व्यक्तीला चेटूक करणारी ठरवून तिचा छळ करणं हा मात्र गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. दाभोलकरांची समिती लोकांचा देव काढून घ्यायला निघाली आहे असा समज पुष्कळ वर्षं पसरवला गेला. समितीची भूमिका तशी नव्हती.

रेघांचा कागद

आता त्या घराकडे पुन्हा येऊ, कारण कायदा बाईला वाचवेल पण पोरांचं काय?

नंदुरबारच्या आदिवासी समाजात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. रक्तातली तांबडी पेशी गोल आणि मऊ असते, बारीक नळीतूनही ती दबून निघून जाते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनची घडण जराशी वेगळी असते. प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते, ताठ होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. तिथे रक्त पोचत नाही, म्हणून त्या असह्य कळा. अशा पेशी लवकर फुटतात, म्हणून पिवळे डोळे आणि रक्त कमी.

हा दोष आईबापांकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक राहतो आणि बहुतेक वेळा त्याला काही त्रास नसतो. उलट वाहकाला मलेरिया तितका जिवावर बेतत नाही, आणि म्हणूनच मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. आई आणि बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. कुणाची दोन पोरं जातात, कुणाची सगळी वाचतात. शेजारच्या घरात जोडीदारांपैकी एकच वाहक असला तर तिथे कुणालाच काही होत नाही. ‘याच घरावर का?’ हा आईचा प्रश्न अगदी बरोबर होता. रोग खरोखरच घर निवडून आला होता.

सिकलसेलची पहिली चाचणी साधी असते. काचेच्या बारीक नळीत रसायन घेतात, त्यात रक्ताचा थेंब टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. काही मिनिटांनी पाहायचं. पाणी स्वच्छ राहून मागच्या रेघा दिसल्या तर दोष नाही. पाणी गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर दोष आहे, मग वाहक की रुग्ण ते ठरवायला पुढची चाचणी.

विज्ञान हीसुद्धा एक श्रद्धाच, असं म्हणणाऱ्यांना मला ही नळी दाखवावीशी वाटते. आईचा डॉक्टरवर भरवसा आहे, हे खरं. त्या रसायनात काय आहे ते तिला ठाऊक नाही, हेही खरं. पण इथला दावा हरू शकतो. रेघा दिसल्या की डॉक्टरचा अंदाज चुकला, आणि ते डॉक्टरलाही मान्य करावं लागतं. नळी तिच्या हातात देता येते. तिला अक्षर वाचता येत नसेल, पण रेघा दिसतात की नाही ते ती सांगू शकते. त्या नळीतून शेजारच्या विधवेचं नाव कधीच निघत नाही.

पुढच्या शिवरात्रीला ती बांबूच्या नव्या टोपलीत धान्य घेऊन देवमोगऱ्याला चालत जाईल. पोराच्या गोळ्यांची पुडी त्याच टोपलीत, धान्याच्या वर, फडक्यात बांधलेली असेल.